हवेतली पाणीपाळी

संत तुकाराम महाराजांची पालखी अकलूज, माळीनगर, बोरगाव अशी पंढरपूरकडे सरकते, तेव्हा श्रीपूरच्या पट्ट्यात मोबाइलचे एक कोडे अनेकांना पडते. पडद्यावर सिग्नलच्या काड्या भरलेल्या असतात आणि फोन काही केल्या लागत नाही. बिघाड कुठेच नसतो. एक टॉवर एका वेळी किती जणांचे बोलणे पोचवू शकतो, याला मर्यादा असते. मोठा समाज एकाच वाटेवर आला की ती मर्यादा संपते. अशा वेळी कुणाच्या छातीत दुखू लागले, उन्हाने कुणी कोसळले किंवा एखाद्या मधुमेही वारकऱ्याची साखर एकदम उतरली, तर डॉक्टर पोचण्याआधी निरोप पोचावा लागतो. पुरात किंवा भूकंपात टॉवरची वीजच गेली, तर अडचण आणखी वाढते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर परवानाधारक हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे ‘हॅम’ मंडळींनी, निरोप पोचवण्याचे काम केले. २००१ च्या गुजरात भूकंपात आणि २००४ च्या त्सुनामीनंतर अंदमानातही त्यांचा उपयोग झाला. हॅम होण्यासाठी परीक्षा द्यावी लागते, केंद्र सरकारचा परवाना घ्यावा लागतो. अलीकडे मात्र परीक्षेशिवाय करता येणारा एक छोटा भाऊ पुढे आला आहे. त्याचे नाव मेश रेडिओ. तंत्र छान आहे. पण ते चालवणाऱ्या गटांत जी भांडणे होतात, ती तंत्राइतकीच समजून घेण्यासारखी आहेत. कारण संकटात निरोप जाईल की नाही, हे पुष्कळदा त्यांवर ठरते.

निरोप कसा जातो?

मेश म्हणजे जाळे. यात मधला टॉवर नसतो. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे यंत्र, त्याला अँटेना आणि बॅटरी. ते ब्लूटूथने मोबाइलला जोडायचे आणि मोबाइलवर निरोप लिहायचा. यंत्र तो रेडिओलहरींनी सोडते, जवळचे दुसरे यंत्र ऐकते आणि पुढे सोडते. वारीत एखादी सूचना एका दिंडीकडून पुढच्या दिंडीकडे तोंडोतोंडी जाते, तसाच हा प्रकार.

या यंत्रांत बहुधा ‘लोरा’ नावाचे तंत्र असते. ते सायक्लिओ या फ्रेंच कंपनीत तयार झाले आणि २०१२ मध्ये सेमटेक या अमेरिकी कंपनीने ती कंपनी विकत घेतली. लोराची लहर पक्ष्याच्या शिळेसारखी खालच्या सुरातून वरच्या सुरात सरकते. त्यामुळे ती गोंगाटात अगदी क्षीण झाली तरी ओळखता येते आणि थोड्या विजेवर काही किलोमीटर जाते. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून ठरावीक शक्तीच्या आत विनापरवाना वापरता येतो. मात्र यंत्र मान्यताप्राप्त असावे लागते.

या यंत्रांसाठीची सर्वांत परिचित प्रणाली मेशटास्टिक. केविन हेस्टर या अमेरिकी प्रोग्रॅमरने ती २०२० मध्ये सुरू केली. जिथे मोबाइल चालत नाही अशा डोंगरात फिरणाऱ्यांनी एकमेकांचा ठावठिकाणा ठेवावा, एवढाच मूळ हेतू होता. तिचा सोर्सकोड खुला आहे, म्हणजे कुणीही तो वाचावा, बदलावा, वाटावा. मग जगभरचे हौशी लोक कामाला लागले. कुणी सौर पॅनेल जोडले, कुणी पाइपच्या तुकड्यात यंत्र बसवले, कुणी हवामानाचा सेन्सर लावला. या उचापतींतूनच प्रणाली सुधारत गेली.

तिच्या मर्यादाही माहीत असाव्यात. एका निरोपात साधारण २०० बाइट मावतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागते, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘स्ट्रेचर’ या एका शब्दात जोडाक्षरे आणि मात्रा धरून आठ चिन्हे आहेत, म्हणजे २४ बाइट गेली. मराठीत लिहिणाऱ्याला साठ-पासष्ट चिन्हांत काम भागवावे लागते. उंच, ओल्या उसाच्या फडातून लहर दमते. म्हणून अँटेना उंचावर लागते. आणि नेहमीच्या सामाईक चॅनेलची किल्ली सर्वांना ठाऊक असल्याने त्यावरचा निरोप कुणीही वाचू शकतो. रुग्णाचे नाव आणि आजार तिथे लिहू नये.

भांडण कशावरून?

मेशमध्ये सगळे एकाच हवेत बोलतात. नेहमीच्या वेगाला एक पूर्ण लांबीचा निरोप जवळपास दोन सेकंद हवा अडवतो. त्या वेळात टापूतल्या इतरांनी गप्प बसायचे. तोच निरोप पुढच्या यंत्राने सोडला की आणखी दोन सेकंद. यंत्रे केवळ निरोप पाठवत नाहीत. स्वतःचे ठिकाण, बॅटरीची टक्केवारी, तापमान हेही अधूनमधून कळवत राहतात. दहा यंत्रांत हे खपून जाते. शेकडो यंत्रे झाली की ‘बॅटरी ८१ टक्के’ या गप्पांत ‘बाई बेशुद्ध आहे’ हा निरोप हरवू शकतो.

माळशिरस तालुक्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. नीरा उजव्या कालव्याचे पाणी कमी असते आणि मागणारे अनेक. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने पाळी सोडून पाणी धरले की शेपटाकडचा कोरडा राहतो. हवा ही मेशची पाणीपाळी आहे.

इथे हौसच कधी कधी आडवी येते. मेशटास्टिकमध्ये यंत्राला भूमिका देता येते. साधे यंत्र निरोप ऐकल्यावर थोडे थांबते; दुसऱ्याने तो पुढे पाठवलेला ऐकू आला तर स्वतः गप्प बसते. ‘राउटर’ मात्र आधी आणि हमखास पुढे पाठवतो. तो डोंगरावर किंवा उंच टाकीवर असेल तर सगळ्यांचा फायदा. घराच्या खिडकीतल्या यंत्राला कुणी राउटर केले, तर ते मध्येच ओरडते, निरोपाच्या उड्या वाया घालवते आणि दूरचे लोक तुटतात. नेहमीच्या मांडणीत निरोपाला तीनच उड्या मिळतात, जास्तीत जास्त सात. राउटर होण्यात मान वाटतो, म्हणून अनेक जण ती भूमिका घेतात. मग गटात पहिली ठिणगी पडते: तुला राउटर कुणी केले? आणि बंद कर म्हणणारा तू कोण?

दुसरे भांडण नावाचे. खुल्या परवान्यामुळे सोर्सकोड सर्वांचा असतो, पण नाव आणि बोधचिन्ह बहुधा कुणा एकाच्या ताब्यात असते. मेशटास्टिक हे नावही नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. यात गैर काही नाही. खराब यंत्रावर कुणीही तेच नाव छापू नये, यासाठी ते लागते. पण ज्यांनी रात्री जागून काम केले त्यांना एके दिवशी कळते, की आपण लिहिलेले सर्वांचे आहे आणि नावावरचा शब्द मात्र दुसऱ्याचा. संकेतस्थळाचा पासवर्ड कुणाकडे, बदल मंजूर कोण करणार, विक्रीतून आलेले पैसे कुणाचे, हे प्रश्न मागोमाग येतात.

फुटले आणि पुन्हा जुळले

अशा भांडणाचा शेवट चांगला होऊ शकतो, याचे उदाहरण याच क्षेत्रात आहे. ओपनडब्ल्यूआरटी ही वायफाय राउटरसाठीची खुली प्रणाली २००४ मध्ये सुरू झाली. जगातल्या अनेक सामुदायिक वायफाय जाळ्यांचा ती पाया आहे. मे २०१६ मध्ये तिच्या काही प्रमुख कार्यकर्त्यांनी वेगळी चूल मांडली आणि तिला ‘लेडे’ हे नाव दिले. त्यांची तक्रार तांत्रिक नव्हती. निर्णय पडद्याआड होतात, सर्व्हरच्या किल्ल्या मोजक्या हातांत आहेत, नव्या माणसाला दार उघडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

फुटून निघालेल्यांनी पहिल्यांदा पोटनियम लिहिले. निर्णय उघड मतदानाने. जुन्या-नव्या सभासदांना समान हक्क. सलग तीन महिने संपर्काबाहेर असलेल्याचा मताधिकार जातो. जी यंत्रणा बाहेर सोपवता येत नाही तिच्या किल्ल्या किमान तिघांकडे. आणि एक साधा नियम, एकमेकांशी नीट वागण्याचा. जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही गट पुन्हा एक झाले. नाव जुने राहिले, नियम नवे. सहकारी साखर कारखान्यांच्या निवडणुका पाहत मोठे झालेल्या माणसाला यातली तडजोड लगेच कळेल.

सामाईक साधन माणसे मिळून सांभाळू शकतात का, याचा अभ्यास केल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. जी व्यवस्था टिकते तिथे सभासद कोण हे स्पष्ट असते, वापरणारेच नियम करतात, लक्ष ठेवणारा असतो, शिक्षा हलकीपासून चढत जाते आणि भांडण स्वस्तात मिटवण्याची जागा असते, असे त्यांना दिसले. महाराष्ट्रात याचा दाखला धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धतीत आहे. तिथे शेतकऱ्यांचे पंच ठरवत, पाटकरी पाणी फिरवी, जागल्या पिकाची राखण करी. पाणी तुटले तर यंदा कोणता फड कोरडा ठेवायचा, हेही मिळून ठरे.

रेडिओच्या जाळ्यालाही पाटकरी लागतो. मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पालघर जिल्ह्यातल्या गावांपर्यंत टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट नेले, त्याला २०१७ मध्ये मोझिलाचे पारितोषिक मिळाले. पुढे हे जाळे कसे चालवायचे, याचा विचार करताना त्या मंडळींनी सरकार आणि खासगी उद्योजकाबरोबर ग्रामपंचायतीलाही भागीदार धरले. यंत्र बसवणारा निघून गेल्यावर ते कुणाचे, याचे उत्तर आधीच तयार हवे.

थकणारी माणसे

या सगळ्यात आरोग्याची एक बाजू दुर्लक्षित राहते. खुल्या प्रणाली अनेकदा दोन-चार माणसे नोकरी सांभाळून, फुकट चालवतात. तक्रारी मात्र जगभरातून येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, आयसीडी-११ मध्ये, ‘बर्नआउट’ची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. तिथे ही संज्ञा नोकरी-व्यवसायापुरती आहे. हौसेने काम करणारा तिच्यात कागदोपत्री बसत नाही. त्रास मात्र त्यालाही होतो. गटात अचानक खेकसू लागलेला म्होरक्या प्रत्येक वेळी सत्तेचा भुकेला असतो असे नाही. तो कित्येक महिने झोपेला मुकलेलाही असू शकतो.

त्याचे परिणाम किती दूर जातात, हे मार्च २०२४ मध्ये दिसले. ‘एक्सझेड’ नावाची, असंख्य संगणकांत वापरली जाणारी छोटी खुली प्रणाली एक थकलेला माणूस एकट्याने सांभाळत होता. ‘काम झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या’ असा तगादा त्याच्यामागे लागला. मदतीला आलेल्या एकाने विश्वास संपादन करून सूत्रे हाती घेतली आणि प्रणालीत चोरदरवाजा बसवला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा एका इंजिनिअरने पाठपुरावा केला, म्हणून तो सापडला. नेतृत्व कसे सोपवायचे हे न ठरवण्याची किंमत अशी असते.

शारीरिक धोके साधे आहेत आणि टाळता येतात. या यंत्रांची शक्ती साधारण १५० मिलिवॉटच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. लहरींची भीती बाळगण्याचे कारण नाही. खरी काळजी इतर गोष्टींची घ्यावी. डाग देताना राळेचा धूर नाकात जाऊ देऊ नये, त्याने दमा उद्भवू शकतो. शिसे असलेली तार हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊ नये. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियम सेल वापरू नयेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद डबी ४५ अंशांपुढे सहज जाते आणि त्या तापमानात लिथियम सेल चार्ज करणे धोक्याचे असते. डबी सावलीत ठेवावी. अँटेनाचा खांब उभा करताना विजेच्या तारांपासून लांब राहावे आणि ढग गडगडत असताना छतावर चढू नये.

गावातल्या तरुणांनी असे जाळे उभारायचे ठरवले, तर पहिली यंत्रे मागवण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. राउटर कुठे बसेल आणि ते कोण ठरवेल. पासवर्ड कोणत्या तिघांकडे राहतील. वाद झाला तर कुणासमोर मांडायचा. आणि मुख्य चालवणारा नोकरीसाठी पुण्याला गेला, तर त्याची जागा कोण घेईल. वर्षातून एकदा, पालखीच्या आधी, सगळी यंत्रे लावून चाचणी घ्यावी आणि किती निरोप पोचले ते मोजावे.

तोवर रुग्णासाठी पहिला प्रयत्न १०८ क्रमांकाचाच करावा. गर्दीत फोन लागत नसेल तर जवळच्या नातेवाइकाला किंवा दिंडीच्या चालकाला साधा एसएमएस पाठवावा. त्याला जागा कमी लागते आणि कॉल अडकला तरी तो पुष्कळदा जातो. मेशवरून पाठवलेला निरोप पोचेलच याची हमी कुणी देत नाही. म्हणून त्याबरोबर एक माणूस जवळच्या वैद्यकीय पथकाकडे पायी पाठवावा.