चिखलातली कॉस्मोपॉलिटन सोसायटी

‘डीप सी’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? डोक्यावर दिवा लावलेला, दात विचकणारा तो भयानक मासा. टीव्हीवाल्यांनी त्याला पार स्टार करून टाकलंय. पण बॉस, खोल समुद्राचे खरे हीरो वेगळेच आहेत. तळाच्या चिखलात राहणारे, बरेचसे मिलिमीटरहूनही छोटे जीव. ना ग्लॅमर, ना पोस्टर. मी मात्र सध्या त्यांच्यावरच फिदा आहे.

आधी थोडा फ्लॅशबॅक. एजियन समुद्रात जसजसं खोल जावं तसतसे प्राणी कमी होताना दिसतात, हे पाहून एडवर्ड फोर्ब्ज या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने 1840च्या दशकात हिशेब मांडला: साधारण साडेपाचशे मीटरच्या खाली जीवसृष्टी नसणार. पुढे 1872 ते 1876 या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने कित्येक किलोमीटर खोलवरून प्राणी वर आणले आणि हा हिशेब बुडाला. तरी ‘असतील चार-दोन’ हा समज काही जाईना. 1960च्या दशकात हॉवर्ड सँडर्स आणि रॉबर्ट हेस्लर या अमेरिकन संशोधकांनी बारीक जाळी लावलेली घसरगाडी तळावरून ओढली. वर आलेल्या चिखलात इतक्या तऱ्हेचे जीव निघाले, की सगळ्यांचे डोळे विस्फारले.

वन आरकेमध्ये 798!

सगळ्यात भन्नाट आकडा आला 1992 मध्ये. फ्रेडरिक ग्रासल आणि नॅन्सी मासिओलेक यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून दूर, दीड ते अडीच किलोमीटर खोलीवरचे चिखलाचे 233 नमुने तपासले. सगळा तळ मिळून जेमतेम 21 चौरस मीटर. म्हणजे आपल्या भाषेत सव्वादोनशे स्क्वेअर फूट, मुंबईतलं एक वन आरके! त्यात जाती किती? 798. त्यातल्या निम्म्याहून जास्त विज्ञानाला तोवर माहीतच नव्हत्या.

हे काम होतं कसं? पेटीसारखं यंत्र केबलला बांधून खाली सोडायचं आणि चिखलाचा चौकोनी ठोकळा कापून वर आणायचा. मग चाळणीवर चाळायचा. ‘रोझ बेंगॉल’ नावाचा रंग टाकला, की जीव गुलाबी होतात आणि मातीतून उठून दिसतात. त्यानंतर मायक्रोस्कोपला डोळा लावून एकेक वेचायचा. तांदूळ निवडायचं काम, पण महिनोन्‌महिने! आपल्या एक्सेल शीट्स परवडल्या.

हाताला लागतात ते केसाळ पॉलिकीट किडे, कोळंबीचे दूरचे इवलेसे नातेवाईक आणि सगळ्यात बारीक चाळणीत तर प्रामुख्याने सूत्रकृमी. लोरिसिफेरा नावाच्या सूक्ष्म प्राण्यांचा अख्खा संघच 1983 मध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला. गंमत म्हणजे खूप खोलवर गर्दी अजिबात नसते. खायलाच काय, तर वरून मरून पडणारे कण, तेही थोडेथोडके. म्हणून माणसं कमी, पण जवळजवळ प्रत्येकाचं आडनाव वेगळं, अशी ही सोसायटी.

तुमचा मोबाइल आणि ते

आता म्हणाल, आपला काय संबंध? आहे ना. याच तळावर बटाट्याएवढे काळे गोटे पसरलेत. त्यात मँगनीज, निकेल, तांबं आणि कोबाल्ट. बॅटऱ्यांसाठी हवाहवासा माल! हवाई आणि मेक्सिकोच्या दरम्यानच्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यावर म्हणूनच अनेक देशांचा आणि कंपन्यांचा डोळा आहे. तिथे सुमारे 5,578 जाती असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या दहापैकी नऊ जातींना अजून शास्त्रीय नावही मिळालेलं नाही.

भारतही या खेळात आहे. मध्य हिंदी महासागरातल्या 75,000 चौरस किलोमीटर तळाचा शोध घेण्याचा करार 2002 मध्ये झाला. त्याआधीच, 1997 मध्ये, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिथला चिखल मुद्दाम ढवळून काय होतं ते पाहिलं होतं. बबन इंगोले आणि सहकाऱ्यांनी तिथले बारीक जीव मोजले. ढवळल्यानंतर त्यांची संख्या घटलेली आढळली.

मग ते परत येतात का? पेरूजवळच्या खोल समुद्रात जर्मन शास्त्रज्ञांनी 1989 मध्ये तळ नांगरून ठेवला. 26 वर्षांनी, 2015 मध्ये जाऊन पाहिलं, तर नांगराचे चर जसेच्या तसे दिसत होते. आणि ते गोटे? दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात. त्यांच्यावरच घर करून राहणाऱ्यांना दुसरीकडे शिफ्ट व्हायची सोय नाही.

मला बॅटरी नको असं मी म्हणत नाही. इलेक्ट्रिक गाड्या हव्यातच. पण ज्यांची नावंसुद्धा लिहून झालेली नाहीत, त्यांच्या घरावर बुलडोझर फिरवण्याआधी निदान हजेरी तरी घेऊ या. तोवर एक सोप्पं काम: तुमच्या ड्रॉवरमध्ये दोन-तीन जुने फोन पडले असतील, ते ई-वेस्ट सेंटरला देऊन टाका. बॅटरीतला कोबाल्ट पुन्हा वापरता येतो. या वीकेंडला जमेल ना?