टपालाने डीव्हीडी मागवताय? आधी हे बघा 📀

अमेरिकेतल्या सिनेमावेड्यांसाठी!

नेटफ्लिक्सची लाल पाकिटं सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली, पण टपालाने डिस्क भाड्याने मिळणं थांबलेलं नाही. सेवा निवडताना:

🔸 आधी यादी चाळा. जुने, परदेशी, दुर्मिळ सिनेमे हवेत? सिएटलच्या ‘स्केअरक्रो व्हिडिओ’कडे लाखाहून जास्त शीर्षकं आहेत.

🔸 पाकीट जाऊन-येऊन किती दिवस लागतात? एका वेळी एकच डिस्क आणि फेरीला आठवडा, म्हणजे महिन्याला जेमतेम चार सिनेमे.

🔸 परतीचं टपाल भाड्यातच धरलंय ना?

🔸 ब्लू-रेचे जादा पैसे पडतात का?

🔸 प्लेयर भारतातून नेलाय? तो बहुधा रीजन ५ चा (रीजन म्हणजे डीव्हीडीचा प्रदेश-कोड), अमेरिकेतल्या डीव्हीडी रीजन १ च्या. लागणार नाहीत. मल्टी-रीजन प्लेयर घ्या.