जुलाबाच्या बाळाला ‘ताकदीचं’ काही? गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्यात थंडी पडली की उलट्या-जुलाबाची तान्ही मुलं दवाखान्यांत वाढतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना रोटाव्हायरसची लागण झालेली असते. एका दिवसात बाळ मलूल होतं, डोळे खोल जातात, आणि घरातलं कुणीतरी डॉक्टरांना विचारतंच, ‘नुसतं ओआरएस काय देताय? ताकदीचं काहीतरी द्या ना. प्रोटीनची सलाईन असते म्हणे, ती लावा.’ या मागणीत चूक काढण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. हाच प्रश्न संशोधकांनाही पडला होता आणि त्याचा निकाल आपल्याच देशातल्या चाचण्यांनी लावायला मदत केली.

‘अमिनो अ‍ॅसिड दिलं की जुलाब लवकर आटोक्यात येतात’

अमिनो अ‍ॅसिड म्हणजे प्रथिनांचे घटक. त्यांच्याकडून आशा बाळगण्यामागचा तर्क पक्का होता. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज एकटं शिरत नाही. ते सोडियमला बरोबर घेऊन जातं आणि त्या दोघांमागून पाणी जातं. जुलाब चालू असतानाही हे दार बहुतेक वेळा उघडं राहतं, म्हणून ओआरएस काम करतं. ग्लायसिन, अ‍ॅलानिन अशा अमिनो अ‍ॅसिडना सोडियमसह आत जायला वेगळी दारं आहेत. मग साखरेच्या जोडीला ग्लायसिनही दिलं तर जास्त पाणी शोषलं जाईल, जुलाबच कमी होतील, असा हिशेब होता. रोटाव्हायरस आतड्याच्या अस्तरातल्या शोषण करणाऱ्या पेशींवरच घाला घालतो, त्यामुळे एखादं जास्तीचं दार हाताशी असावं हा विचार आणखीच मोहक वाटत होता.

१९८४ साली कोलकात्याच्या डॉक्टरांनी ग्लायसिन मिसळलेलं ओआरएस जुलाबाच्या बाळांना देऊन पाहिलं. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘सुपर सोल्युशन’चा शोध होता. या गटात डॉ. दिलीप महालनबीस होते. १९७१च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेच्या पाण्यावर वाचवणारे ते हेच. त्या चाचणीचा निकाल उमेद वाढवणारा होता.

पण एका चाचणीवर उपचार ठरत नसतो. पुढच्या दहा वर्षांत ठिकठिकाणी अशा चाचण्या झाल्या आणि १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात त्यांचा एकत्र आढावा छापून आला. कॉलरा सोडून इतर जुलाबांत, म्हणजे रोटाव्हायरसच्या जुलाबांतही, मुलांना अमिनो अ‍ॅसिडवाल्या ओआरएसचा साध्या ओआरएसपेक्षा अधिक फायदा दिसत नाही, असा तो निष्कर्ष होता. आढावा लिहिणाऱ्यांत दिल्लीच्या ‘एम्स’चे डॉ. महाराज किशन भान होते आणि स्वतः महालनबीसही. ज्या कल्पनेला आपल्याच प्रयोगाने बळ दिलं, तिच्याविरुद्धचा पुरावा आपल्याच सहीने छापायचा! मला या प्रामाणिकपणाचं फार मोल वाटतं.

सुधारणा झाली ती उलट्या बाजूने. न शोषले गेलेले घटक आतड्यात पाणी ओढतात, म्हणून द्रावण अधिक दाट करण्याऐवजी पातळ केलं गेलं. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ओआरएसचं सूत्र बदललं. लिटरमागे सोडियम ९० वरून ७५ मिलिमोल आणि ग्लुकोज १११ वरून ७५ मिलिमोल झालं. या पातळ ओआरएसमुळे सलाईन लावण्याची वेळ सुमारे एक-तृतीयांशाने कमी आली. उलट्याही घटल्या.

‘सलाईन म्हणजे खरा उपचार, ओआरएस म्हणजे वेळकाढूपणा’

बाळ गळून गेलं असेल, पिऊच शकत नसेल, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर फारच सावकाश खाली जात असेल, तर सलाईन हवीच आणि तीही तातडीने. बाकी बहुतेक मुलांचं काम ओआरएसवर भागतं, फक्त ते द्यायला चिकाटी लागते. दर मिनिट-दोन मिनिटांनी एक चमचा द्यायचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करायचं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. ‘प्रोटीनची सलाईन’ म्हणजे शिरेतून दिलेली अमिनो अ‍ॅसिड. ती दिली जातात ज्यांचं आतडं अन्न घेऊ शकत नाही अशांना, उदाहरणार्थ फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांना. रोटाव्हायरस हा विषाणू असल्याने अँटिबायोटिकचाही त्याच्यावर उपयोग नाही. झिंक मात्र खरंच उपयोगी पडतं. सहा महिन्यांवरच्या मुलांना रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस, तेही डॉक्टरांना विचारून.

‘मेडिकलमध्ये ओआरएस म्हणून मिळतं ते सगळं सारखंच’

अजिबात नाही. एक लिटरच्या पुडीत २०.५ ग्रॅम पावडर असते: मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सायट्रेट २.९. ही पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर अंगात मीठ वाढून बाळाला धोका होतो. थोडी थोडी पावडर काढून अंदाजाने कालवणंही तितकंच वाईट. फळांच्या चवीची गोड पेयं तर जुलाब वाढवू शकतात. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी कित्येक वर्षं नेटाने पाठपुरावा केल्यावर.

‘चाचणी म्हणजे आमच्या लेकरावर प्रयोग’

ही भीती मी हलक्यात घेत नाही. पण नियम काय आहेत तेही माहीत असावं. भारतात २००९ पासून चाचणीची आधी सार्वजनिक नोंदणी बंधनकारक आहे. नैतिकता समितीची मंजुरी लागते, पालकांना त्यांच्या भाषेत समजावून लेखी संमती घ्यावी लागते आणि ती कधीही मागे घेता येते. ओआरएसच्या चाचण्यांत ज्या मुलांना नवं द्रावण मिळालं नाही त्यांना नेहमीचं ओआरएस मिळालंच.

पुणे जिल्ह्याला हे अनुभवाने ठाऊक आहे. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक परिसरात केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्राने २०११ पासून रोटाव्हॅक या रोटाव्हायरसविरुद्धच्या लशीची चाचणी घेतली. दिल्ली, वेल्लोर आणि पुणे मिळून ६,७९९ बाळं तिच्यात होती. लस ज्या विषाणूपासून बनली तो ‘११६ई’ दिल्लीत नवजात बाळांमध्ये सापडला होता आणि तो शोध पुढे नेणारे होते तेच डॉ. भान. लस मिळालेल्या बाळांत तीव्र रोटाव्हायरस जुलाब सुमारे ५४ टक्क्यांनी घटले.

‘लस दिली तरी जुलाब झाले,’ अशी तक्रार मग ऐकू येते. इतर विषाणूंमुळेही जुलाब होतात, आणि ही लस मुख्यतः रोटाव्हायरसचा तीव्र आजार टाळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिलही त्याच कामाची आहे. लसीकरण कार्यक्रमात तोंडावाटे तीन मात्रा मोफत मिळतात, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. पहिली मात्रा बाळ वर्षाचं व्हायच्या आत पडायला हवी, त्यानंतर ती सुरू करत नाहीत.