व्याजदर चढले असताना भाड्यासाठी घर घ्यावं का?

मंडळी, आजचा प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. कर्ज काढून दुसरा फ्लॅट घ्यायचा, तो भाड्यानं द्यायचा. पण व्याजदर चढत असतील, तर घ्यावा की थांबावं? मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. म्हणजे अडीच टक्क्यांची वाढ. आपण तेवढीच वाढ धरून हिशेब मांडू.

समजा, पुण्यात ७० लाखांचा फ्लॅट आहे. २० लाख स्वतःचे, ५० लाख कर्ज, मुदत २० वर्षं. ७ टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे ३८,७६५ रुपये, ९.५ टक्क्यांनी ४६,६०७. भाडं १८ हजार धरा. वर्षातून एक महिना घर रिकामं, शिवाय मेंटेनन्स, मिळकतकर, डागडुजी. हाती महिना साडेबारा हजार उरले म्हणू. म्हणजे खिशातून दरमहा २६ हजार जात होते, ते आता ३४ हजार जाणार.

इथं एक गोष्ट बघा. दर कमी होता तेव्हाही खड्डा होताच. दरवाढीनं तो मोठा झाला इतकंच. भाडं ठरतं ते भाडेकरूच्या ऐपतीवर आणि त्या भागातल्या चालू भावावर. तुमच्या कर्जाशी त्याला देणंघेणं नसतं.

‘हप्ता तोच ठेवू, मुदत वाढवू,’ असं काही जण म्हणतात. पण कर्ज नवीन असेल, तर ५० लाखांवर ९.५ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याजच ३९,५८३ रुपये होतं. जुना हप्ता त्याहून कमी! मुद्दल फिटणं दूरच, कर्ज वाढत जाईल.

मग माणूस घेतो कशाच्या भरवशावर? किंमत वाढेल म्हणून. न्यायदर्शनानं प्रमाणं चार मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आशा त्यांत नाही. किंमत वाढेलही; पण दरमहाचा हप्ता त्या वाढीतून भरता येत नाही, तो पगारातूनच जातो.

म्हणून प्रश्न जरा बदलून विचारा. दर आणखी दोन टक्के चढला आणि घर सहा महिने रिकामं राहिलं, तर हा खड्डा मी भरू शकेन का? माझ्या निवृत्तीनंतर तो कोण भरेल? उत्तर समाधानकारक असेल, तर चढ्या दरातही विचार करायला हरकत नाही. नसेल, तर दर उतरल्यावरसुद्धा थांबावं, हेच बरं.