इंजिन बसलंय म्हणे!

मैत्रिणींनो, गाडी बिघडली की आपण बायका काय करतो? सावलीत जाऊन उभ्या राहतो आणि पुरुषमंडळी काय सांगतात त्याची वाट बघतो. मीही तेच करायची. पण यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाला ते चांगलंच महागात पडलं असतं.

गटाकडे जुनी मारुती ओम्नी आहे. ही व्हॅन १९८४ साली बाजारात आली, २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण आपल्याकडच्या रस्त्यांवर अजून दिसतेच. इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचललं की समोर. धडगावकडच्या बायकांनी सुकवलेला आमचूर आणायला आम्ही तळोद्याहून निघालो आणि चांदशैली घाटात गाडी धक्के खायला लागली. पिकअपच घेईना. कशीबशी परत आणली.

गॅरेजवाला म्हणाला, "ताई, इंजिन बसलंय. खोलावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून आमच्या खजिनदार बाईंचा चेहराच उतरला. वर्षभराची शिल्लक त्यात गेली असती!

मग एका म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी पान्याला हात लावण्याआधी प्रश्नच विचारले. गरमीचा काटा वर गेला होता का? धूर कसला? पाणी कमी होतं का? निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा धूर थांबतच नाही, पाणी घटतंय आणि ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय. (सकाळी थंड गाडीतून थोडी वाफ निघते, तिला घाबरू नये.) आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

"मग इंजिन कशाला खोलायचं, माय?" म्हणत त्यांनी गाडी चालू ठेवली आणि रबरी मुठीच्या पक्कडीने एकेका प्लगची वायर काढून परत लावली. ओम्नीला तीन सिलिंडर, तीन प्लग. पहिली वायर काढली, इंजिन अडखळलं. दुसरी काढली, तेच. तिसरी काढली तर आवाजात काही फरकच नाही! म्हणजे तो सिलिंडर आधीच बंद होता, गाडी दोनावरच चालत होती. मग गाडी बंद करून त्यांनी दुसरी आणि तिसरी वायर आपापसांत बदलली. गाडी चालू केल्यावर तिसरा सिलिंडर चालायला लागला आणि दुसरा बंद पडला. दोष वायरबरोबर सरकला होता. इंजिन बसलेलं असतं तर तो जागचा हलला नसता. उन्हाने आणि वयाने वायर तडकली होती, एवढंच. नवा वायरसेट काही शे रुपयांत आला.

हा प्रयोग घरी करू नका बरं, त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात. आणि काटा वर गेला तर गाडी बाजूला घेऊन बंद करा, गरम रेडिएटरचं झाकण मात्र मुळीच उघडू नका; उकळतं पाणी अंगावर येतं. पण धक्के चढावर बसतात की सपाटीवरही, धूर कोणत्या रंगाचा, काटा कुठे होता, एवढं तरी आपल्याला नीट सांगता यायला हवं.

आमचूर आला, विकलाही गेला. आता काट्यावर नजर ठेवायचं काम खजिनदार बाईंनी आपणहून घेतलंय. घाटात त्या कोणाला बोलूही देत नाहीत, इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही म्हणतात!