साडेसात मिलिसेकंदांचं इंजिन

मालाड पश्चिमेला लिंक रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये सीएनजी किट बसवणारी गॅरेजं आहेत. बाहेरून पाहिलं तर काळं तेल, उघडी बॉनेटं आणि चहाचे ग्लास. पण किट सिक्वेन्शियल असेल, तर शेवटचा अर्धा तास पाना-पकडीचा नसतोच. मेकॅनिक लॅपटॉप मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसतो. गाडी आधी पेट्रोलवर चालवतात आणि कुठल्या वेगाला, किती लोडला पेट्रोलचा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहतो ते टिपून घेतात. मग तेच गॅसवर. दोन्ही रेषा एकमेकींवर बसेपर्यंत गुणक कमी-जास्त होत राहतो. गाडीत आता इंजेक्टरांचा दुसरा संच आणि दुसरा संगणक आहे. 'मॅपिंग झालं' म्हणतात ते हेच.

मुंबईला सीएनजी पुरवणारी महानगर गॅस ही कंपनी १९९५ची. त्यानंतरच्या वर्षांत मुंबईच्या उपनगरांत एका अख्ख्या पिढीने इंजेक्टर आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, यांच्याशी रोजचा संसार केला आहे. म्हणून टर्बो रोटरी गाडीचे इंजेक्टर बदलणं म्हणजे काय, हे समजायला मालाडच्या वाचकाला जपानला जायची गरज नाही. विद्या तीच आहे. फक्त इथे मॅपिंग चुकलं तर गाडी मिसिंग करते किंवा ॲव्हरेज पडतं; तिथे इंजिन उघडावं लागतं.

फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाला रोटरी इंजिनाचं पहिलं पेटंट १९२९मध्ये मिळालं, पण त्याचं इंजिन एनएसयू कंपनीत प्रत्यक्ष चालायला १९५७ उजाडलं. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. भुईमुगाच्या शेंगेसारखं मध्ये किंचित दबलेलं घर आणि त्यात फिरणारा फुगीर बाजूंचा त्रिकोण. त्रिकोणाच्या तीन टोकांना तीन पट्ट्या, त्यांना एपेक्स सील म्हणतात. या पट्ट्या घराच्या भिंतीला सतत घासत राहतात आणि इंजिनाचं आयुष्य त्यांच्यावरच अवलंबून असतं. जपानच्या माझ्दाने परवाना घेतला तेव्हा सुरुवातीच्या इंजिनांत या पट्ट्यांनी भिंतीवर असे ओरखडे काढले की कंपनीत त्यांना सैतानाच्या नखांचे व्रण म्हणू लागले. केनिची यामामोतो यांच्या चमूने तो प्रश्न सोडवला आणि १९६७मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. १९९१मध्ये चार रोटरच्या ७८७बीने ल मां जिंकली. त्याच वर्षी निघालेल्या आरएक्स-७मध्ये दोन टर्बो लावलेलं १३बी इंजिन होतं: दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. हौशी मंडळी आजही ज्याच्यामागे वेडी आहेत ते हेच.

आता मुद्द्याचं गणित. चार-स्ट्रोक पिस्टन इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा घेतो. रोटरीत शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटर एक घोट घेतोच. ८,००० आरपीएमला एका फेरीला साडेसात मिलिसेकंद लागतात. पिस्टनच्या गाडीला त्याच वेगाला पंधरा मिळाले असते. म्हणजे इंधन आत सोडायला वेळ निम्मा, आणि त्यातही इंजेक्टरची सुई उचलायलाच सुमारे एक मिलिसेकंद जातो. इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही. उपलब्ध वेळेच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर त्याच्यावर भरवसा ठेवू नये, असा धंद्यातला नियम आहे.

मग मोठा इंजेक्टर लावावा? तर आयडलिंगला पंचाईत होते. सिग्नलला उभ्या गाडीला हवं असतं थेंबभर, आणि मोठा इंजेक्टर एवढ्या थोड्या वेळेपुरता नीट उघडत-मिटत नाही. यावर माझ्दाने काढलेला तोडगा मला फार आवडतो. प्रत्येक रोटरला दोन इंजेक्टर: लहान प्रायमरी आणि मोठा सेकंडरी. गाडी सावकाश चालते तोवर फक्त प्रायमरी काम करतो. लोड वाढला की सेकंडरी जागा होतो. आरएक्स-७च्या त्या मॉडेलात प्रायमरी मिनिटाला ५५० सीसीचे आणि सेकंडरी ८५० सीसीचे. चौघांची बेरीज २,८०० सीसी. त्यातले ऐंशी टक्केच वापरायचे ठरवले आणि टर्बो रोटरी किती पेट्रोल पिते हे धरलं, तर हिशोब साधारण ३३५ अश्वशक्तीला संपतो. कारखान्यातून गाडी २५५ची निघाली होती, पुढे २८०ची झाली. म्हणजे कंपनीने हात राखून ठेवला होता. टर्बो बदलून चारशेचं स्वप्न पाहणाऱ्याला इंजेक्टर बदलणं भाग आहे, हौस म्हणून नव्हे.

पण मोठे इंजेक्टर आधी विकत घेणारे चुकतात. त्यांच्याआधी नंबर इंधन-पंपाचा. इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलमध्ये दाब तीन बारचा असेल आणि टर्बोने इनटेकमध्ये एक बार भरला, तर इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंतला फरक तीनच राहावा म्हणून रेग्युलेटरला रेलचा दाब चारवर न्यावा लागतो. दाब वाढला की पंपाचा ओघ घटतो. म्हणजे सगळ्यात जास्त पेट्रोल जेव्हा लागतं, नेमका तेव्हाच पंप दमतो. पंप अपुरा असेल तर हजार सीसीचा इंजेक्टरही कोरडाच शिंकतो.

आणि कोरडं मिश्रण रोटरी खपवून घेत नाही. ज्वलन-कक्ष लांबट आणि उथळ असल्याने प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग लागतात: लीडिंग आधी, ट्रेलिंग थोडा मागून. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो दाब भरत असताना, हवेचं वजन पेट्रोलच्या अकरा पटींच्या आसपास ठेवतात, म्हणजे मिश्रण चांगलंच ओलं. शास्त्रशुद्ध प्रमाण १४.७ असलं तरी. जास्तीचं पेट्रोल थंडावा देतं. ते कमी पडलं किंवा दोन ठिणग्यांमधलं अंतर बिघडलं, की नॉकिंग होतं आणि एपेक्स सीलचा तुकडा उडतो. तो तुकडा एक्झॉस्टमधून थेट टर्बोच्या पंख्यावर. एका सेकंदाच्या हिशोबात दोन महागड्या वस्तू गेल्या.

म्हणून खरी वस्तू ईसीयू. मूळ संगणकाच्या कोष्टकात ५५० आणि ८५० हेच आकडे गृहीत असतात. इंजेक्टर बदलून कोष्टक तेच ठेवलं तर गाडी नुसतं पेट्रोल ओकते. ॲपेक्सीचा पॉवर एफसी किंवा हॉल्टेक यांसारखे संगणक लावणारे कोष्टकाचा प्रत्येक चौकोन नव्याने भरतात. बॅटरीचा व्होल्टेज पडला की सुई उशिरा उचलते, त्याचीही दुरुस्ती आकड्यांत करावी लागते. सेकंडरी जागा होतो त्या क्षणी गाडी अडखळली, तर ट्यूनर कच्चा समजावा. आणखी एक बारकावा: रोटरी स्वतःचं तेल थोडं थोडं जाळून सीलना वंगण देते. नव्या संगणकाला तो तेलपंप चालवता येत नसेल, तर पेट्रोलमध्ये टूटी ऑईल मिसळावं लागतं. जुन्या स्कूटरवाल्यांना हे सांगायला नको.

हे सगळं परक्यांचं कौतुक वाटत असेल, तर जरा नगरकडे वळू. तेव्हाच्या अहमदनगरच्या व्हीआरडीई या लष्करी वाहन-संशोधन संस्थेने, बंगळूरच्या एनएएल आणि एडीई या विमान-संशोधन संस्थांसोबत, 'निशांत' या मानवरहित विमानासाठी देशी वांकेल इंजिन घडवलं. एक रोटर, ५५ अश्वशक्तीचा वर्ग, वजन जेमतेम तीस किलो. घराच्या भिंतीवरचा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप ही एनएएलची कामगिरी. सैतानाच्या नखांवरचं आपलं उत्तर म्हणा. इग्निशन आणि इंधनप्रणाली मात्र नगरची. मार्च २००९मध्ये कोलारजवळून हे इंजिन घेऊन निशांत उडालं. ज्या हायड्रोन्यूमॅटिक लाँचरवरून निशांत सोडलं जाई, तोही पुण्याच्या आर अँड डीई या संस्थेचा. रोटरीच्या इंधनाचं गणित आपल्याच माणसांनी, आपल्याच मातीत सोडवलं, आणि मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांपैकी कितीजणांना ते आठवतं? लष्कराने बारा निशांतांची मागणी नोंदवली होती, चार मिळाली, चारही कोसळली आणि २०१५च्या नोव्हेंबरात प्रकल्प गुंडाळला गेला. इंजिन उडालं, ज्याच्यासाठी घडवलं तेच उरलं नाही. एवढी कमावलेली विद्या एका विमानाच्या नशिबाला बांधून ठेवणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

आपल्या रस्त्यावरच्या रोटरीची कथा त्याहून आखूड आहे. वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवं. आरएक्स-७चं उत्पादन २००२मध्ये थांबलं, आरएक्स-८चं २०१२मध्ये. म्हणजे आता नवी येणं नाही. आहेत त्या मोजक्या गाड्या सांभाळायच्या.

सांभाळणाऱ्यांसाठी नवी डोकेदुखी इ-२० पेट्रोलची. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, हे टर्बोला मानवतं. पण शास्त्रशुद्ध प्रमाण १४.७वरून साडेतेराच्या आसपास येतं, म्हणजे त्याच हवेला सुमारे आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल. ज्याचे इंजेक्टर आधीच ऐंशी टक्क्यांवर पळत होते, तो काही न बदलता सत्त्याऐंशीवर पोचला. जुना मॅप घेऊन बूस्ट करणाऱ्याने आधी हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा वाइडबँड मीटर बसवावा.

कायद्याचंही ऐकून ठेवा. सीएनजी किटला मान्यता असते आणि त्याची नोंद आरसीवर होते. हजार सीसीच्या इंजेक्टरला आणि परक्या ईसीयूला असा दाखला नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनुसार परवानगीविना केलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तेव्हा अशी गाडी ट्रॅकपुरती ठेवावी. आणि इंजेक्टरच्या आधी पंप, पंपाच्या आधी मीटर हा क्रम उलटा सांगणारा ट्यूनर भेटला, तर बॉनेट उघडू न देता गाडी परत काढावी.