मासा निवडताना

काचेच्या टाकीतील रंगीत मासे पाहताना लहानमोठे सगळेच रमतात. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. पुढे कित्येक दशके गावोगावच्या शाळांच्या सहली तेथे जात असत. अशी टाकी पाहिली की, ‘आपल्याही घरी असे मासे असावेत,’ असे मनात येते. मग आपण दुकानात जातो आणि ज्याचा रंग सर्वांत सुंदर, तो मासा मागतो. पण मासा केवळ रंग पाहून निवडायचा नसतो. माणसाप्रमाणे माशालाही स्वभाव असतो. उर्दूत आपण त्याला ‘मिजाज’ म्हणतो. हा मिजाज ओळखला, तरच मासा जगतो.

बारामती आणि इंदापूर हे तालुके समुद्रापासून दूर आहेत. येथे नीरा आणि भीमा या नद्या वाहतात. भीमेवरील उजनी धरणाचे पाणी इंदापूर तालुक्यात दूरवर पसरले आहे. भिगवणच्या बाजारात कटला, रोहू, मरळ, वाम, चिलापी असे मासे मिळतात. हे सारे गोड्या पाण्यातले मासे. समुद्रातील मासा या पाण्यात जगू शकत नाही. त्याचे कारण काय?

समुद्राच्या एक लीटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे खारे पाणी माशाच्या शरीरातील पाणी सतत बाहेर ओढून घेते. म्हणून समुद्रातील मासा पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. नदीतील माशाचे याच्या उलट असते. त्याच्या शरीरात पाणी आपोआप शिरते, म्हणून तो पाणी जवळजवळ पीतच नाही. समुद्रातील बहुतेक मासे गोड्या पाण्यात टाकले, तर त्यांच्या शरीरात नको तेवढे पाणी शिरते आणि ते मरतात.

आपल्या भागात कालव्याच्या पट्ट्यात काही शेतांवर मीठ फुटलेले दिसते. ते मीठ किंवा घरातील मीठ टाकीसाठी चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचे क्षारही ठरावीक प्रमाणात असतात. म्हणून टाकीसाठी तयार केलेले खास सागरी मीठ वापरतात. १०० लीटर पाण्याला ते सुमारे साडेतीन किलो लागते. उन्हाळ्यात टाकीतील पाण्याची वाफ होते. पण मीठ मागेच राहते आणि पाणी अधिक खारट होते. तेव्हा कमी झालेल्या पाण्याच्या जागी क्लोरीन नसलेले गोडे पाणी घालावे लागते.

नव्या टाकीत लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेपासून अमोनिया नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. त्याचे कमी घातक पदार्थांत रूपांतर करणारे जीवाणू टाकीत वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर धरावा लागतो.

आता काही माशांचे स्वभाव पाहू.

विदूषक मासा नारिंगी रंगाचा असून त्याच्या अंगावर पांढरे पट्टे असतात. समुद्रात तो समुद्रफुलाच्या विषारी बाहूंमध्ये राहतो. त्याच्या अंगावरील चिकट थरामुळे त्याला दंश होत नाही. तो धीट असतो. खाऊ घालणारा माणूस जवळ आला, की काचेपाशी येतो. या माशांचे जन्मतः सारे पिल्लू नरच असतात; गटातील सर्वांत मोठा मासा पुढे मादी होतो. टाकीत तो समुद्रफुलाशिवायही राहतो आणि नीट सांभाळला, तर दहा वर्षांहून अधिक जगतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांची पैदास टाकीत करून दाखवली आहे. असे पाळीव मासे तयार खाद्य खातात आणि त्यांच्यासाठी समुद्रातील प्रवाळांना हात लावावा लागत नाही. नवशिक्याने अशीच जोडी घ्यावी.

गोबी नावाचा छोटा मासा आणि एक प्रकारची कोळंबी यांची दोस्ती तर पाहण्यासारखी असते. कोळंबीला नीट दिसत नाही. पण ती वाळूत बीळ खणते. मासा बिळाच्या तोंडाशी पहारा करतो. कोळंबी आपली मिशी माशाच्या अंगाला लावून ठेवते. संकट दिसताच मासा शेपटी हलवतो आणि दोघे बिळात शिरतात. एक घर बांधतो, दुसरा राखण करतो.

डॅमसेल मासा लहान, निळाशार आणि स्वस्त असतो. म्हणून पुष्कळ लोक तोच आधी घेतात. पण तो एक कोपरा आपला मानतो आणि तेथे येणाऱ्याला चावतो. असा मासा ठेवायचाच असेल, तर शांत मासे आधी सोडावेत आणि त्याला सर्वांत शेवटी सोडावे.

कोकणात ज्याला केंड म्हणतात, तो मासा घाबरला की पाणी गिळून फुग्यासारखा फुगतो. टाकीतला केंड माणसाकडे टक लावून पाहतो, म्हणून तो फार आवडतो. परंतु त्याचे दात सतत वाढत राहतात. ते झिजावेत म्हणून त्याला शिंपल्यांसारखे कठीण कवचाचे खाद्य द्यावे लागते. शिवाय तो इतर माशांचे पर कुरतडतो. मजा वाटावी म्हणून त्याला मुद्दाम फुगवणे हा त्याचा छळ आहे.

काही मासे मात्र घेऊच नयेत. सफाई करणारा एक छोटा मासा मोठ्या माशांच्या अंगावरील किडे खातो. तो हुशारही आहे. आरशातील प्रतिमा आपलीच आहे हे तो ओळखत असावा, असे जपानी शास्त्रज्ञांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगावरून दिसले. पण घरच्या टाकीत त्याला पुरेसे अन्न मिळत नाही आणि तो बहुधा उपाशी मरतो. समुद्रघोडा तर कायद्याने संरक्षित आहे. २००१ पासून आपल्या देशात त्याला पकडण्यास व विकण्यास बंदी आहे.

मासा विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला चार प्रश्न विचारा. हा मासा किती मोठा होईल? तो काय खातो? तो कोणाबरोबर राहतो? तो टाकीत जन्मला की समुद्रातून पकडला? मग त्याला तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. जो मासा खात नाही, धापा टाकतो किंवा ज्याच्या अंगावर पांढरे ठिपके आहेत, तो घेऊ नका.

आपल्या भागात उन्हाळा कडक असतो. पाणी तापले, की त्यात प्राणवायू कमी मावतो. त्यातच वीज गेली, तर हवेचा पंप बंद पडतो. ज्याच्या घरी यावर उपाय नसेल, त्याने सागरी मासे न पाळणेच बरे. ऐपत असो वा नसो, मुक्या जिवाला कष्ट देण्याचा हक्क कोणालाच नाही.

मासे नकोसे झाले, तर काय करावे? काही जण ते नदीत सोडतात आणि आपण पुण्य केले असे समजतात. सागरी मासा तेथे मरतो. गोड्या पाण्यातील परका मासा जगला, तर ते अधिक वाईट. शोभेसाठी आणलेला सकर मासा आता उजनीच्या पाण्यातही सापडतो. त्याच्या काटेरी, कठीण अंगामुळे मासेमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्याला किंमत मिळत नाही. कोणाच्या तरी टाकीतील शोभा मासेमाराच्या पोटावर येते. म्हणून नको असलेला मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या जाणकाराला द्यावा.

समुद्रात मासा आपली जागा, आपले अन्न, आपला सोबती स्वतः शोधतो. टाकीत हे सारे आपण ठरवतो. म्हणून निवड करताना आपल्या आवडीबरोबर त्याच्या गरजेचाही विचार करावा.

शब्दार्थ
कल्ले – माशाचे श्वास घेण्याचे अवयव
जीवाणू – डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म जीव
पैदास – उत्पत्ती
पहारा – राखण
ऐपत – खर्च करण्याची शक्ती

स्वाध्याय
१. समुद्रातील मासा गोड्या पाण्यात का मरतो?
२. गोबी मासा आणि कोळंबी एकमेकांना कशी मदत करतात?
३. टाकीतील मासे नदीत का सोडू नयेत?
४. ‘पोटावर येणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
५. मिजाज, दोस्ती, हक्क यांसारखे उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द लिहा.